जहाज मुहूर्तासाठी थांबत नाही

आमच्या जाफराबादहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. खेळणा आणि पूर्णा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं हे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कापूस, सोयाबीन आणि पावसाची वाट, यात इथलं वर्ष सरतं. मी इथल्या शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवतो. भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे हे सगळं दरवर्षी फळ्यावर काढतो आणि पुसतो. त्याच धड्यांवर एक दिवस भाचीचं लग्न उभं राहील, असं मनात आलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पाव्हणे म्हणतात लग्न गोव्याला, समुद्रावर लावू. पोरं मुंबईहून बोटीनं जाणार. बोट सकाळी लागती अन् चार-साडेचारला सुटती. तेवढ्यात लग्न उरकायचं. तूच सांग, असं होतं का कुठं?"

दाजी शांत स्वभावाचे, पण त्यांचाही आवाज चिंतेत होता. गावाला काय सांगायचं, पंगतीचं काय, देवक कुठे बसवायचं? मुलगा वेंगुर्ल्याकडचा, घर डोंबिवलीला. दोघंही पुण्यात नोकरीला. मी म्हटलं, होतं की नाही ते आधी मांडून बघू. पुढचे चार महिने मी ते मांडत होतो. जे कळलं ते लिहून ठेवतो, कारण असा बेत आता शहरातल्याच नव्हे, तालुक्याच्या गावातल्या घरांतही निघू लागला आहे.

बोटीचं वऱ्हाड नवं नाही

सोयरीक जुळल्यावर मुलाच्या काकांशी ओळख झाली. वय पंचाहत्तरच्या पुढे, लहानपण वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ गेलेलं. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "मास्तर, तुम्हाला हे नवीन वाटतं. आमच्याकडे वऱ्हाडं बोटीनंच यायची."

खरंच होतं ते. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी वाटेत रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडाव तिच्या कुशीला जाऊन माणसं उतरवून आणत. नवरदेव, करवल्या, पेट्या, सगळं पडावातून किनाऱ्याला लागे. बोटीचा भोंगा झाला की उशीर करणाऱ्यासाठी कोणी थांबत नसे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. समुद्राला गृहीत धरलं की काय होतं, हे 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीने दाखवलं. भर पावसाळ्यात ती मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली.

रस्ते सुधारले, आगबोटींचा काळ सरला, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. 2018 च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' नावाचं पर्यटकांचं जहाज मुंबई-गोवा मार्गावर आलं. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' मुंबईहून फेऱ्या करू लागलं. हे जहाज 1990 साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने सेवेत आलं होतं. गोव्यात अशी जहाजं मुरगाव बंदरात धक्क्याला लागतात, त्यामुळे पडावाची गरज उरत नाही. लक्षद्वीपला मात्र आजही जहाज खोल पाण्यात थांबतं आणि लहान बोटीतून बेटावर जावं लागतं. शिवाय तिथे जायला प्रवेश परवाना लागतो. म्हणून लग्नाचा विचार असेल तर मुरगावचा थांबा सोपा.

एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. आषाढी ते कार्तिकी चातुर्मासात आपल्याकडे लग्नं होत नाहीत, आणि त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि समुद्रही तोवर निवळलेला असतो.

आधी कायदा

सिनेमात जहाजाचा कप्तान लग्न लावतो. पुष्कळांना वाटतं, तसं कुठेही चालतं. तसं नाही. जहाजावर ज्या देशाचा झेंडा असेल त्या देशाचा कायदा ते ठरवतो. 'क्वीन मेरी 2' सारख्या प्रसिद्ध जहाजांची नोंदणी 2011 मध्ये ब्रिटनच्या साउदॅम्प्टनहून बर्म्युडाला हलवली गेली. समुद्रात कायदेशीर लग्नं लावता यावीत, हे त्यामागचं एक कारण होतं. किनाऱ्यावर उतरून लग्न लावायचं तर त्या किनाऱ्याचा कायदा लागतो. बहामात आधी चोवीस तास तिथे राहिलेलं असावं लागतं, म्हणजे सकाळी उतरून दुपारी लग्न होत नाही. केमन बेटांवर पाहुण्यांसाठी खास परवान्याची सोय आहे. अमेरिकेतल्या आपल्या मराठी कुटुंबांनी कॅरिबियनचं तिकीट काढण्याआधी एवढं तरी विचारून घ्यावं.

गोव्याचं प्रकरण वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा, 1867 च्या संहितेतून आलेला नागरी कायदा चालतो. तिथल्या नोंदणीत आधी इच्छेची घोषणा, मग नोटीस, मग पुन्हा येऊन सह्या. जहाजाच्या एका थांब्यात हे बसत नाही.

आपल्या हिंदू विवाह कायद्यात, 1955 च्या, कलम 7 आहे. जिथे सप्तपदी हा विधीचा भाग असतो, तिथे अग्नीसमोर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो आणि बंधनकारक ठरतो. 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की या कायद्याखाली विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने लग्न होत नाही. विशेष विवाह कायदा, 1954 चा, याहून निराळा. त्यात विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या साक्षीने लग्न लागतं. त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते.

नोटिशीच्या आधी महिनाभर भाची घरूनच काम करत जाफराबादला राहिली. डिसेंबरात नोटीस दिली आणि पौषात, जेव्हा घरात दुसरं कुठलंच कार्य नसतं, तेव्हा जालन्याला विवाह अधिकाऱ्यांसमोर सह्या झाल्या. कागद हातात आला आणि दाजींच्या जिवाला पहिल्यांदा स्वस्थता लाभली. आता गोव्याला जे व्हायचं ते देवाब्राह्मणांच्या आणि माणसांच्या साक्षीने. तिथे वारा सुटो की बस अडको, पोरीचं लग्न कायद्यात अडकणार नव्हतं.

पंचांगातला समुद्र

मग तारीख. आमच्याकडे मुहूर्त काढायला पंचांग लागतं. इथे तीन याद्या एकमेकींवर ठेवाव्या लागल्या: जहाज मुरगावला कधी लागतं, मुहूर्त कधी आहेत, आणि त्या दिवशी पाणी कुठे असेल.

घरच्यांचा आग्रह माघी पौर्णिमेचा होता. काकांनी ऐकताच मान हलवली. "पौर्णिमेला उधाण. भर कार्यात पाणी मांडवात येईल." मग त्यांनी किनाऱ्यावरच्या लोकांचा तोंडी हिशेब शिकवला. तिथीला पाऊणने गुणायचं, की मुंबईकडची पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेचे पंधरा घेतले तर सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चंद्र रोज तेवढाच उशिरा माथ्यावर येतो, म्हणून. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास त्यांची ओढ काटकोनात पडते, पाण्याची चढउतार कमी होते. त्याला दर्यावर्दी 'भांग' म्हणतात.

हा धडा मी सव्वीस वर्षं शिकवला होता. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या तिथीवरून समुद्र वाचता येतो, हे मला काकांनी दाखवलं. मुहूर्त आणि भरती, दोन्ही त्याच चंद्रावरून येतात.

आम्ही माघ वद्य षष्ठी धरली. सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे मुंबईला भरती दुपारी साडेचारला आणि त्याआधीची ओहोटी सव्वादहाच्या सुमाराला. भरतीची लाट पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर येते, त्यामुळे गोव्याला वेळ थोडी आधी पडते. शिवाय षष्ठी म्हणजे भांगेच्या जवळची तिथी, पाणी फार चढत नाही. हा हिशेब अदमासाचा आहे. शेवटची खात्री बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच करावी, आणि आम्ही ती केली. त्या दिवशी जहाज मुरगावला होतं आणि सकाळी दहा त्रेपन्नचा मुहूर्त होता.

सकाळचाच मुहूर्त हवा, याला आणखी एक कारण आहे. दिवसा जमीन लवकर तापते, वरची हवा उठते आणि समुद्राकडून खारे वारे आत येतात. साधारण अकरानंतर त्यांचा जोर वाढत जातो. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी मंदावतात. या दोन वाऱ्यांच्या मधे थोडा वेळ हवा पडलेली असते. होम त्या वेळात झाला तर धूर डोळ्यांत जात नाही आणि ठिणगी मांडवाला लागत नाही. सूर्यास्ताच्या फोटोचा मोह सगळ्यांना असतो. पण संध्याकाळी सुटणारं जहाज धरायचं असेल तर तो मोह आधीच सोडावा.

उलटा हिशेब

वेळापत्रक मी शेवटाकडून लिहिलं. जहाज सुटणार साडेचारला. प्रवाशांनी साडेतीनच्या आत चढायचं. बंदराच्या दारात तपासणी असते, म्हणून अडीचला तिथे. वाटेत काही झालं तर हाताशी एक तास असावा, म्हणून दीडला किनाऱ्यावरून निघायचं. बाराला जेवण. आणि सकाळी? जहाज आठला लागणार असं कागदावर असलं तरी शिडी उतरून माणसं बाहेर पडेपर्यंत पाऊण तास जातो. म्हणजे साडेआठ तासांच्या थांब्यातून जेवणाआधी लग्नाला मिळाले, वाटेसकट, जेमतेम सव्वातीन तास. जो कोणी असा बेत करतो त्याने हा कागद सगळ्यात आधी लिहावा.

म्हणूनच जागा निवडताना सौंदर्यापेक्षा अंतर बघितलं. कोलवा, माजोर्डा इकडचे किनारे लांब-रुंद आहेत, पण मुरगावहून जास्त दूर. आम्ही बोगमाळो घेतला. बंदरापासून अर्ध्या तासाच्या आत, दाबोळी विमानतळाला लागून. मोरजी, आगोंद, गालजीबाग हे किनारे सुंदर, पण तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हिवाळ्याचे महिने त्यांचे असतात. तिथे दिवे-आवाज घेऊन जाऊच नये.

वाळू कोणाच्या मालकीची नसते. किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, आणि तात्पुरत्या मांडवालाही सरकारी परवानगी हवी. ती सहज मिळेल असं धरून चालू नये. आम्ही किनाऱ्याला लागून असलेल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर मांडव घातला. त्यांच्या जागेतल्या कार्याची परवानगी त्यांनी घेतली, आणि वाळूवर फक्त पायांनी गेलो.

वऱ्हाडाचेही दोन भाग केले. नवरदेव-नवरी आणि पोरंसोरं जहाजाने. म्हातारी माणसं, भटजी आणि सामान आदल्या दिवशीच मडगावला रेल्वेने. आम्ही जालन्याहून वंदे भारतने मुंबईला गेलो आणि तिथून कोकण रेल्वेने पुढे. लग्नाची एकही वस्तू जहाजात ठेवायची नाही, हा नियम केला. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, बाहेरचं शिजवलेलं अन्न बहुधा चालत नाही. समिधा, तूप, होमकुंड, अक्षदा, सगळं रेल्वेने गेलं. जहाज चुकलं असतं किंवा थांबा रद्द झाला असता, तरी अर्धं वऱ्हाड किनाऱ्यावर हजर होतं. समुद्र खवळला तर कप्तान थांबा टाळू शकतो, आणि ते त्याने करावंच.

गावाचा वाटा

बहिणीचा पहिला प्रश्न अजून उरला होता. गावाचं काय? सव्वातीन तासांत हळद, देवक, रुखवत, पंगत, आहेर, मानपान काहीच बसत नव्हतं. तेव्हा आम्ही सगळे ओट्यावर बसलो आणि एकच प्रश्न विचारला. लग्न लागायला काय लागतं, आणि लग्न साजरं व्हायला काय लागतं? पहिली यादी छोटी निघाली: अंतरपाट, मंगलाष्टकं, कन्यादान, होम, सप्तपदी. दुसरी यादी पानभर.

पहिली यादी गोव्याला गेली, दुसरी जाफराबादला राहिली. लग्नाच्या चार दिवस आधी दारात मांडव पडला, देवक बसलं, हळद लागली. रुखवत मांडलं. सहाशे-सातशे माणसांची पंगत उठली. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. व्याही डोंबिवलीहून हळदीला आले आणि जमिनीवर मांडी घालून जेवले. गावाला वाटलं नाही की पोरीचं लग्न आपल्यावाचून होतंय. आमची आई शेजारणीला सांगत होती, "इथं हळद, तिथं अक्षदा. एकाच लग्नाचे दोन गाव."

सातवं पाऊल

आदल्या संध्याकाळी काका मला बोगमाळोला पाण्याजवळ घेऊन गेले. वाळूवर शेवाळ आणि शिंपल्यांची एक बारीक ओळ होती. "ही भरतीची रेघ." तिच्यावर त्यांनी एक काठी रोवली. सकाळी पाहिलं तर पाणी काठीच्या बरंच खाली होतं.

अंतरपाट धरायची पाळी आली तेव्हा खारा वारा नुकता जागा होत होता. कापड शिडासारखं फुगायला लागलं. काकांनी खालच्या दोन्ही टोकांना ओल्या वाळूच्या मुठी गाठीत बांधल्या, आणि कापड सरळ झालं. मी मामा, नवरीच्या पाठीशी उभा होतो. पूर्वी मुहूर्ताची वेळ घटिकापात्राने मोजत. भोक पाडलेली लहान वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. त्या दिवशी माझ्या हातात घड्याळ आणि घडी केलेला तो कागद होता, पण तेव्हा समोर पाहताना वाटलं, वेळ पुन्हा पाण्यानेच मोजली जाते आहे.

आईने जाफराबादहून तांब्याच्या गडूत संगमाचं पाणी आणलं होतं. आमची पूर्णा पूर्वेला वाहते, परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. आमचं पाणी अरबी समुद्राला आपणहून कधीच भेटत नाही. सप्तपदीच्या आधी भटजींनी त्याच पाण्याने वधूवरांना आचमन दिलं. उरलेलं आईने स्वतः चालत जाऊन लाटेत सोडलं.

सातवं पाऊल पडलं तेव्हा अकरा वाजून सदतीस मिनिटं झाली होती. होमाची रक्षा डब्यात भरून परत आणली, समुद्रात टाकली नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी पोरं बंदराच्या दारात पोचली.

ज्यांच्या घरात असा बेत चालू आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कायद्याची सही घरी, निवांत करून घ्या. मुहूर्त भांगेच्या तिथीला, सकाळचा काढा. जागा बंदराजवळची घ्या, आणि परतीच्या वेळेत एक तास राखून ठेवा. आणि निघण्याआधी गावाला जेवू घाला. गावाची पंगत चुकली तर ती पुढे कुठल्याच किनाऱ्यावर भरून निघत नाही.

जहाज साडेचारला, ठरल्या मिनिटाला सुटलं.